गाडी तीच, मग चाल का गेली?

दिवाळीच्या आधी घराला रंग काढण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. रंग होतो, भिंती उजळतात, आणि मग आठ-दहा दिवस घरातली माणसे एकमेकांना विचारीत फिरतात, "अहो, सुईदोऱ्याचा डबा कुठे ठेवलात?" हरवलेले काहीच नसते. वस्तू साऱ्या घरातच असतात. फक्त त्यांच्या जागा बदललेल्या असतात.

कॉम्प्युटरला 'फॉरमॅट मारला' की नेमके हेच होते. विंडोज ही त्या यंत्राची घरव्यवस्था. जुनी पुसून नवी बसवली की पडदा कसा लख्ख दिसतो, यंत्र झटकन सुरू होते, आणि घरातले सगळे म्हणतात, "वा! नव्यासारखे झाले!" मग मुलगा गेम लावतो आणि त्याचा चेहरा पडतो. काल-परवापर्यंत पाण्यासारखा वाहणारा गेम आज उचकी लागल्यागत अडखळत असतो.

ही तक्रार अलीकडे घरोघर ऐकू येते याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. विंडोज ११ तर ऑक्टोबर २०२१ मध्येच आली होती. पण 'चालले आहे तोवर चालू द्या' हा आपला मध्यमवर्गीय बाणा! तारीख अंगावर आली तेव्हा पुष्कळांनी घाईघाईने यंत्रे दुकानात नेली आणि नवी विंडोज घालून आणली. त्यांपैकी ज्यांच्या घरी गेम खेळणारे कोणी होते त्यांना बऱ्याचदा एक ठरलेले उत्तर मिळाले: "कार्ड जुने झाले, साहेब. नवे घ्या."

नवे ग्राफिक्स कार्ड म्हणजे काही वाटाणे-फुटाणे नव्हेत. तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी काय काय पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख. मी कॉलेजात मराठी शिकवितो; यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु हे दुखणे आमच्याच घरात निघाले, आणि त्याचा उलगडा ज्या रीतीने झाला ती रीत कोणालाही वापरता येण्याजोगी आहे.

मामांची युरोपयात्रा

माझे मामा एस. टी. तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. वाई-पाचगणीचा पसरणीचा घाट त्यांनी उन्हापावसात इतक्या वेळा चढला-उतरला की त्यातली वळणे त्यांना बोटांवर मोजता येतात. वय बहात्तर. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. गुडघ्यांमुळे फिरणे थांबले. साताऱ्याचे ते दोन खोल्यांचे घर, समोरचे पेरूचे झाड आणि संध्याकाळच्या बातम्या, एवढ्यावर त्यांचा दिवस येऊन थांबला होता.

त्यांचा नातू बंगळूरला नोकरीला लागला. जाताना आपला कॉम्प्युटर तो आजोबांच्या टेबलावर मांडून गेला आणि त्यात त्याने त्यांना एक गेम लावून दिला: युरोपातल्या रस्त्यांवर मालट्रक चालविण्याचा. प्राग शहरातल्या एस. सी. एस. सॉफ्टवेअर या कंपनीने २०१२ साली काढलेला हा 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. त्यात मारामारी नाही, बंदुका नाहीत. माल भरायचा, नकाशा पाहायचा, वेळेत आणि धक्का न लावता पोचवायचा. २०२१ पासून त्यात आणखी एक सोय झाली. निरनिराळ्या गावी बसलेली माणसे एकाच रस्त्यावर आपापला ट्रक घेऊन तांड्याने जाऊ शकतात.

त्यामुळे दर रविवारी रात्री नऊ वाजता साताऱ्याचे आजोबा आणि बंगळूरचा नातू एकापाठोपाठ एक ट्रक काढीत. मामांना इंग्लंड अधिक पसंत. कारण तिथे आपल्यासारखेच डावीकडून चालवतात. फ्रान्समध्ये शिरले की ते म्हणत, "या लोकांना रस्त्याची बाजू कोणी शिकवली?" ट्रक चालविता चालविता गप्पा होत. जेवलास का, खोलीमालक कसा आहे, साहेब त्रास देतो का... फोनवर दोन मिनिटांत 'बरंय, ठेवतो' म्हणणारा मुलगा इथे दोन-दोन तास बोले. मामीच्या आठवणीही याच रस्त्यांवर निघत. समोर रस्ता असला म्हणजे माणसाला एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता बोलता येते.

२०२५ च्या नोव्हेंबरात शेजारच्या एका उत्साही गृहस्थांनी मामांचे यंत्र दुकानात नेऊन नवी विंडोज घालून आणले. त्या रविवारी मामांचा ट्रक चालेना. म्हणजे चाले, पण धक्के खात. वळणावर स्टीअरिंग फिरवावे तर ट्रक क्षणभर तसाच, आणि मग एकदम कठड्यावर! दुकानदाराने सांगितले, कार्ड गेले. बत्तीस हजार पडतील. नातू म्हणाला, "आजोबा, मी पैसे पाठवतो." त्याची नोकरी चार महिन्यांची. मामांनी साफ नाही म्हटले. एवढेच नव्हे, तर यंत्रावर चादर टाकली आणि मला फोनवर म्हणाले, "खूप झाली युरोपयात्रा. आता पुरे."

त्या 'पुरे'चा स्वर मला बरा वाटला नाही. पुढच्या शनिवारी मी साताऱ्यास गेलो.

आधी लक्षण, मग कारण

मामांनी चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला तो मेकॅनिकचा नव्हे, ड्रायव्हरचा होता. "दुकानदाराने काय लिहून घेतलं?" काहीच नाही, असे कळल्यावर ते हसले. म्हणाले, "डेपोत गाडी लावताना बिघाड वहीत लिहावा लागायचा. नवा पोरगा लिहायचा, 'क्लच प्लेट गेली'. जुना माणूस लिहायचा, 'घाटात दुसऱ्या गिअरला गाडी ओढत नाही, सपाटीला ठीक'. ड्रायव्हरने लक्षण लिहावं. कारण शोधणं मेकॅनिकचं काम. कारण आधीच लिहिलं की मेकॅनिक तेवढंच बघतो आणि गाडी पुन्हा तिथंच बंद पडते."

या एका वाक्यात साऱ्या दुरुस्तीशास्त्राचे मर्म आले आहे. आमच्या विषयात जुन्या पोथीचा पाठ शुद्ध करताना हेच करावे लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अशा कामात पहिला प्रश्न 'हा शब्द बदलू काय?' असा नसतो. 'ही चूक कोठे शिरली?' असा असतो. इथे तर चूक कोठे शिरली हे उघड होते. फॉरमॅटच्या आदल्या दिवशी गेम चालत होता, दुसऱ्या दिवशी चालेना. यंत्राचा एखादा भाग नेमका त्याच दिवशी मरावा हे अशक्य नाही. पण त्या दिवशी यंत्रात जे जे बदलले ते आधी तपासणे अधिक शहाणपणाचे.

म्हणून आम्ही एक वही घेतली. बंगळूरहून नातू व्हिडिओ कॉलवर आला. ठरविले असे की, एका वेळी एकच बदल करायचा, प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर तोच ट्रक पाच मिनिटे चालवायचा, आणि आकडा लिहायचा.

आकडा कसला, तेही सांगतो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात, ती आधीच काढून ठेवलेली असतात. गेममध्ये चित्र आधी काढलेले नसते. तुम्ही स्टीअरिंग फिरवाल त्याप्रमाणे यंत्राला ते त्या क्षणी काढावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांवर समाधान मानले तर ३३.३. या चित्रांना 'फ्रेम' म्हणतात. मात्र नुसत्या सरासरीवर जाऊ नये. एस. टी. ची सरासरी ताशी चाळीस असली तरी ती दर फर्लांगाला गचका देत असेल तर उतारू शिव्याच देणार. म्हणून सरासरीबरोबरच आकडा खाली कुठवर आपटतो, हेही लिहावे. मोजण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या खुणेची कळ आणि जी ही अक्षरकळ एकदम दाबली की गेम बार उघडतो. स्टीममध्येही फ्रेमचा आकडा कोपऱ्यात दाखविण्याची सोय आहे.

मामांच्या वहीतली पहिली नोंद अशी: 'मोकळा रस्ता १९. गावात १२. वळणावर थांबते.' फॉरमॅटपूर्वी तोच रस्ता ६० ला चाले, असे नातवाने सांगितले.

कार्ड मेले होते काय?

या यंत्राचा इतिहास थोडा सांगायला हवा. २०२१ साली ग्राफिक्स कार्डांची जगभर टंचाई होती आणि भाव भलतेच चढले होते. म्हणून नातवाने तेव्हा एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला होता. त्याच्या पोटातच लहानशी चित्रे काढण्याची सोय असते. पुढे भाव उतरल्यावर त्याने एनव्हीडियाचे जीटीएक्स १६६० सुपर हे वेगळे कार्ड बसविले. म्हणजे या घरात चित्रकार दोन: एक पोटचा, लहान; दुसरा बाहेरून आणलेला, दणकट.

आता पेटीची मागची बाजू पाहा. पडद्याची केबल लावण्याच्या जागाही दोन ठिकाणी असतात. वरच्या अंगाला, माउस आणि कीबोर्डच्या पिनांशेजारी, ती मदरबोर्डची. खाली आडव्या पट्टीत असते ती कार्डाची. मी टॉर्च धरला. केबल वर लावलेली होती! दुकानातून घरी आणल्यावर ज्याने कोणी जोडली त्याने जी जागा आधी दिसली तिथे लावली. चित्र दिसले, काम झाले. आणि तेव्हापासून मामांचा चाळीस टनी ट्रक तो लहानगा चित्रकार एकटा ओढीत होता.

केबल खाली लावली. पडद्यावर चित्र आले, पण अक्षरे ही मोठमोठी, कडा फाटलेल्या. मामा म्हणाले, "आणखी बिघडलं की!" नातू मात्र तिकडून ओरडला, "आजोबा, कार्ड जिवंत आहे!" त्याचे खरे होते. मेलेले कार्ड पडद्यावर काहीच काढीत नाही.

अक्षरे फाटकी का, याचे उत्तर 'डिव्हाइस मॅनेजर' नावाच्या यादीत मिळाले. तिथे डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरच्या खाली एनव्हीडियाचे नाव असायला हवे होते. त्याऐवजी होते 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर'. विंडोजला एखादे कार्ड नीट चालविता येत नाही तेव्हा ती हे कामचलाऊ नाव लावते. त्यावर पत्रे लिहिता येतात, गेम खेळता येत नाही. कारण कार्डाशी कसे बोलायचे हे सांगणारा जो छोटा प्रोग्रॅम लागतो तोच बसविलेला नव्हता. त्या प्रोग्रॅमला म्हणतात 'ड्रायव्हर'.

हे ऐकून मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे बत्तीस हजारांची नवी गाडी घ्या म्हणत होते, आणि डेपोतल्या गाडीला ड्रायव्हरच दिला नव्हता!"

हे कसे झाले? दुकानात बहुधा मदरबोर्डाबरोबरचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून घातले असावेत. त्यांत पोटातल्या चित्रकाराचा ड्रायव्हर असतो, बाहेरच्या कार्डाचा नसतो. एरवी विंडोज तो इंटरनेटवरून स्वतःच आणते. पण मामांच्या घरी इंटरनेट मोबाइलवरून घेतात, आणि डेटा जपून वापरावा म्हणून नातवाने ती जोडणी 'मीटर्ड' अशी नोंदविली होती. अशा जोडणीवर विंडोज ड्रायव्हर आपणहून उतरवून घेत नाही. म्हणजे दोष एकट्या कोणाचा नव्हता. तीन बारीकसारीक गोष्टी एका रांगेत आल्या आणि त्यांची बेरीज 'कार्ड गेले' अशी झाली.

ड्रायव्हर एनव्हीडियाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतला. वाचकांना इथे आवर्जून सांगतो: एनव्हीडिया, एएमडी, इंटेल किंवा तुमच्या लॅपटॉपची कंपनी यांच्याच ठिकाणाहून ड्रायव्हर घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर फुकट' अशा जाहिराती करणाऱ्या परक्या प्रोग्रॅमांना दारातही उभे करू नये.

वहीतली दुसरी नोंद: 'मोकळा रस्ता ६०. गावात ३८. गचके थोडे.'

उरलेला गचका

खरे म्हणजे इथे आम्ही थांबलो असतो तरी चालले असते. पण मामा ऐकेनात. "घाटात ओढते आणि गावात गचके देते, म्हणजे एक बिघाड गेला, दुसरा आहे."

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' या पानावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स यांचे काम आलेखात दिसते. रॅमच्या पानावर तिचा वेगही लिहिलेला असतो. नातवाने घेतलेली रॅम ३२०० ची. तिथे आकडा होता २१३३. म्हणजे जिन्नस पुरा, पण चाल दोन-तृतीयांश!

याचे कारण असे. रॅम बसविली की ती आधी सावध, ठराविक वेगाने चालते. पाकिटावर छापलेला पुरा वेग हवा असेल तर 'बायोस'मध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ व्यवस्थेत, जाऊन एक्सएमपी नावाची नोंद चालू करावी लागते. काही बोर्डांवर तिला डीओसीपी म्हणतात. नातवाने ती पूर्वी केली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तिच्यासाठी दुकानात बायोस नवे केले गेले, आणि बायोस नवे झाले की जुन्या नोंदी पुष्कळदा पुसल्या जातात. बायोस नवे करणे यात गैर काही नव्हते. उलट, काही रायझन यंत्रांत ही सुरक्षेची सोय चालू असताना अधूनमधून क्षणभर अडखळणे होते, असे एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतःच मान्य केले होते, आणि त्यावरचा उतारा नवे बायोस हाच होता. फक्त नंतर जुनी नोंद परत करायची राहून गेली.

नोंद परत केली. आकडा ३२०० झाला. वहीतली तिसरी नोंद: 'मोकळा रस्ता ६०. गावात ५५ च्या खाली नाही.' त्याखाली मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'गाडी रस्त्यावर घेण्यास योग्य.'

तरीही पहिल्या तासाभरात एखाददुसरा गचका बसेच. त्याला उपाय वाटच पाहण्याचा. गेममधले प्रकाश, सावल्या, पाण्याची झळाळी दाखविण्यासाठी 'शेडर' नावाचे लहान हुकूम यंत्राला तयार करून ठेवावे लागतात. फॉरमॅटमध्ये किंवा नव्या ड्रायव्हरबरोबर हा तयार साठा जातो आणि पुन्हा नव्याने करावा लागतो. शिवाय नवी विंडोज पहिले एक-दोन दिवस आतल्या आत पुष्कळ कामे काढते: सुधारणा उतरविणे, फायलींची सूची करणे, विषाणूंची तपासणी. नव्या बिऱ्हाडात पहिल्या दिवशी पुरणपोळ्यांचा बेत करू नये, तसेच हे. यंत्र दोन दिवस चालू ठेवावे आणि मगच निकाल द्यावा.

तुमच्या घरी असे असेल तर

मामांच्या यंत्रात निघाले ते तीन दोष. तुमच्याकडे दुसरेच निघू शकतील. नेहमी आढळणारे सांगून ठेवतो.

मुलाचा पडदा १४४ हर्ट्‌झचा असेल, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखविणारा असेल, तर नव्या विंडोजमध्ये तो कित्येकदा ६० वरच बसलेला असतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' इथे पाहावे. यंत्र बिचारे शंभर चित्रे काढीत असते आणि पडदा साठच दाखवीत असतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच तपासावे. बॅटरीवर तो मुद्दाम हळू चालतो. कंपनीचा पंख्याचा आणि शक्तीचा जो स्वतःचा प्रोग्रॅम असतो तो फॉरमॅटमध्ये गेलेला असतो. तो परत बसवावा. लॅपटॉपातही चित्रकार दोन असतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये त्या गेमचे नाव घालून जास्त शक्तीचा पर्याय निवडावा.

गेम परत घालताना तो एसएसडीवर गेला की जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, हे पाहावे. फिरती डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट वाचते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या घरात. मोठ्या गेमात नवा मुलूख समोर येताना हा फरक गचक्याच्या रूपाने दिसतो.

गेमची स्वतःची सेटिंगही नव्याने झालेली असतात. कधी गेम उत्साहाने सगळे काही सर्वांत उंचावर नेऊन ठेवतो. मामांच्या ट्रकमध्ये आरसे आहेत. प्रत्येक आरशातले चित्र म्हणजे यंत्राला मागचा देखावा पुन्हा काढणे. आरशांचा दर्जा एक पायरी खाली आणला तरी आकडा सुधारतो. मामांनी मात्र आरशाला हात लावू दिला नाही. "आरसा अंधुक करून गाडी चालवायची नाही," हा त्यांचा नियम.

पेटी उघडून धूळही पाहावी. कार्ड फार तापले तर ते स्वतःला वाचविण्यासाठी चाल कमी करते. गेम पहिली दहा मिनिटे छान चालून मग मंदावत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा.

एक गोष्ट जरा नाजूक आहे. विंडोज ११ नव्याने घातली की योग्य यंत्रांवर 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचे संरक्षण आपोआप चालू होते. त्याचा गेमच्या वेगावर काही यंत्रांत परिणाम होतो, आणि ते खेळापुरते बंद करता येते, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सांगितले. खेळून झाल्यावर पुन्हा चालू करा, असेही बजावले. माझे मत विचाराल, तर ज्या यंत्रावर घरातले बँकेचे व्यवहार होतात तिथे चार-पाच चित्रांसाठी दाराची कडी काढू नये. आधी बाकीचे सारे तपासावे.

आणि 'गेमचा वेग दुप्पट करा' म्हणणारी जी औषधे इंटरनेटवर विकली जातात त्यांची जात आपल्या जत्रेतल्या जडीबुटीवाल्याची. ती घेऊ नयेत.

फॉरमॅट मारण्यापूर्वी

रंगारी येण्याआधी गृहिणी जशी डब्यांवर चिठ्ठ्या लावते तसे थोडे करून ठेवले तर पुढचा पुष्कळ त्रास वाचतो. ग्राफिक्स कार्डाचे नाव, रॅमचा चालू वेग, पडद्याचे हर्ट्‌झ, गेम कोणत्या डिस्कवर आहे आणि त्याला सेकंदाला किती फ्रेम मिळतात, एवढ्या पाच ओळी एका कागदावर लिहाव्यात. बायोसमधल्या नोंदींचे मोबाइलवर फोटो काढावेत. पेटीमागच्या केबलींचाही एक फोटो असू द्यावा. खेळाची प्रगती कोठे साठते ते पाहून तिची प्रत दुसरीकडे ठेवावी. पुष्कळ गेम ती 'डॉक्युमेंट्स' या कप्प्यात ठेवतात आणि फॉरमॅटमध्ये तो कप्पा पुसला जातो. मामांचा ट्रक, गॅरेज आणि हजारो किलोमीटरांचा हिशेब वाचला तो नातवाने स्टीमच्या क्लाउडवर प्रत ठेवण्याची सोय चालू केली होती म्हणून.

यंत्र दुकानात न्यावे लागले, तर सोबत हा कागद द्यावा आणि परत घेताना तिथेच गेम लावून आकडा ताडून पाहावा. दुकानातला पोरगा काही तुमचा वैरी नसतो. त्याच्यापुढे दिवसाला दहा यंत्रे येतात, आणि 'नीट चालते' म्हणजे किती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

साताऱ्याला त्या दिवशी आमचे तीन तास आणि चार कप चहा खर्ची पडले. बत्तीस हजार वाचले हे तर झालेच. पण नातवाला मी मनाआड करू शकलो नसतो असा एक हिशेब दुसरा होता. आजोबांनी पैसे नाकारले तेव्हा ते आपल्यालाच नाकारीत आहेत, असे त्या पोराला वाटले होते. हे त्याने मला नंतर फोनवर सांगितले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रात्री नऊला दोघांनी डोव्हरहून ट्रक काढले. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो होतो. पुढे नातू, मागे मामा. अर्ध्या वाटेत नातवाने वेग वाढविला तसे मामा म्हणाले, "हळू. मागं म्हातारा माणूस आहे." तिकडून उत्तर आले, "आजोबा, आरशात दिसताय तुम्ही मला." मामा काही बोलले नाहीत. त्यांनी हेडलाइट दोनदा उघडझाप केले, आणि ट्रक पुढे गेले.